वाघजाईची ओलांडणी

चैत्रातली जत्रा जवळ आली तसं हनुमंताचं जेवणावरून मन उडालं, आणि वाडीने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. सोंग घेणाऱ्याने जत्रेआधी एकभुक्त राहायचं असा रिवाज होता. हा तर दोन्ही वेळेला ताट सरकवून उठत होता. "यंदा देवी लवकर भरली म्हनायची हनुमंताच्यात," असं बाया नळावर एकमेकींना कौतुकाने सांगू लागल्या. हनुमंताच्या पोटात देवी नव्हती, भीतीचा गोळा होता. पण सांगायचं कुणाला? गाव ज्याच्या अंगावर वाघजाई चढवतं, त्यानेच भ्यायला सुरुवात केली तर त्याने कुणाच्या पाया पडायचं, हे काही वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नव्हतं.

वाडी कासार आंबोलीच्या मागे, डोंगराच्या अंगाला. खालच्या जमिनींवर बंगले उठले होते, पण वर अजून घरं मोजकीच होती आणि देऊळ एकच. हनुमंत पिरंगुटला पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. वर्षभर खाकी कपडे, जेवणाचा डबा, सकाळची बस आणि कमी बोलणं, एवढाच त्याचा संसार. जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला मात्र त्याला हिरवं लुगडं नेसवायचे, तोंडाला पिवडीचा पिवळा रंग आणि शेंदूर फासायचे, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून हातात तलवार द्यायचे. तोंड रंगलं की त्याला नावाने हाक मारायची नाही. मग देवळापुढच्या पटांगणात वाघजाई आणि दैत्य यांची झुंज व्हायची. दैत्य नेहमीचा ठरलेला, हनुमंताच्याच वयाचा गोमा. तो पोत्यासारखा दाणकन पडायचा आणि पोरं आनंदाने किंचाळायची.

दैत्य पडला की खरी गोष्ट सुरू व्हायची. आया आपली तान्ही लेकरं पटांगणात घोंगड्यांवर ओळीने निजवायच्या. संबळाच्या ठेक्यावर नाचत देवी एकेका लेकराला ओलांडत देवळाच्या दारापर्यंत जायची. याला म्हणायचे ओलांडणी. देवीने ओलांडलेलं लेकरू वर्षभर कशाला बाधत नाही, याबद्दल वाडीत दोन मतं नव्हती.

नियम दोनच. पहिला, ओलांडताना देवीने खाली बघायचं नाही, नजर गाभाऱ्यातल्या समईवर ठेवायची. आपली लेकरं कुठे आहेत हे आईला बघावं लागत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. दुसरा, सोंगाची तालीम करायची नाही. हनुमंताच्या आधी त्याचा चुलता सोंग घ्यायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हा घुंगरांचा पट्टा त्याने पुतण्यापुढे टाकला. "न बगता पाय कुटं टाकायचा ते कसं कळनार?" असं हनुमंताने बिचकत विचारलं होतं. "पायाला कळतंय," चुलता म्हणाला आणि विडी पेटवायला गेला. एवढंच काय ते शिक्षण.

आणि खरंच पायाला कळायचं. संबळ घुमू लागला, पिवडीचा वास नाकात गेला, की हनुमंत स्वतःच्या आतच कुठेतरी बाजूला सरायचा. काय केलं, कसं केलं, ते दुसऱ्या दिवशी बाया सांगतील तेव्हा त्याला कळायचं. ऐकताना तो लाजायचा, दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तसा. त्याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. डबे बनवायचं काम प्रेस करते, ओलांडायचं काम वाघजाई करते, आपण फक्त हजर राहायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

हा हिशेब बिघडवला सीडीने.

पौडला मनीष म्हणून एक तरुण होता. लग्नांची व्हिडिओ शूटिंग घ्यायचा. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या जत्रेत, तो हौसेने कॅमेरा घेऊन आला आणि सगळा सोहळा टिपून त्याची सीडी काढली. ज्याच्या घरी प्लेअर होता त्याच्या घरी ती गेली. ज्याच्या घरी नव्हता तो प्लेअरवाल्याच्या घरी गेला. टीव्हीसमोर उदबत्त्या लागल्या, एकीने तर टीव्हीला कुंकू लावलं आणि नंतर ते पुसता पुसेना.

हनुमंताने स्वतःचं सोंग आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा बघितलं. झुंजीच्या शेवटी एक जागा होती. दैत्य अंगावर येतो, आणि देवी एकदम थांबते. मान मागे, तलवारीचा हात वर, आणि एक श्वासभर हालचाल नाही. पटांगणातलं सगळं गाव गप्प झालेलं टीव्हीतूनही ऐकू येत होतं. हनुमंताच्या अंगावर सरसरून काटा आला. हे मी केलं? त्याला काही आठवेना. त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

पुढे काय झालं असेल ते कुणीही ओळखेल. जो तो भेटून म्हणू लागला, "ती उभी ऱ्हायली न्हवं का, तशीच पुढल्या साली उभी ऱ्हाऊ दे." बसमध्ये, कारखान्याच्या गेटवर, चक्कीवर, तेच. आणि हनुमंत, आयुष्यात कधी आरशात धड भांग न पाडलेला माणूस, दार ओढून घेऊन आरशापुढे उभा राहू लागला. मान किती मागे होती? हात कोपरात वाकला होता का सरळ होता? कारखान्यात हात धुवायच्या जागेवरही तो मान मागे टाकून बघायचा. कुणी आलं की मान मोडून आल्याचं नाटक करायचा. दसऱ्यापर्यंत त्याला ते हुबेहूब जमलं. सीडीतली देवी आणि आरशातला हनुमंत यांच्यात उडदाएवढा फरक उरला नाही, आणि त्याचा त्याला अभिमानही वाटला. खोटं कशाला बोला?

दिवाळीत आंबोलीच्या एका बंगलेवाल्या साहेबांनी सीडी बघून सोंगाच्या मंडळीला बोलावणं धाडलं. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. हनुमंताने झुंज केली, नेमक्या जागी थांबला, मान मागे, हात वर. टाळ्यांचा कडकडाट झाला. वाडीत कुणी टाळ्या वाजवत नाही, लोक हात जोडतात. टाळ्या ऐकल्या आणि हनुमंताच्या ध्यानात आलं की त्या आपल्याला ऐकू येतायत. सगळंच ऐकू येतंय, दिसतंय. आपण कुठेही बाजूला झालेलो नाही. आपण इथेच आहोत, लुगडं नेसून, घामाघूम होऊन, आणि घुंगरांचा पट्टा कमरेला रुततोय.

साहेबांना ओलांडणीही बघायची होती. लेकरं नव्हती म्हणून गोमाने गवतावर नारळ ओळीने मांडले. हनुमंत समोर बघत पहिला नारळ ओलांडून गेला, दुसरा ओलांडून गेला, आणि मग त्याच्या पायाखाली काहीतरी कचकन फुटलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी सरबताचा काचेचा ग्लास गवतात ठेवला होता. तळव्याला चांगलाच काप गेला. साहेबांच्या घरच्यांनी धावपळ करून औषध लावलं, पट्टी बांधली, माणसं भली होती. परतीच्या वाटेवर गोमा म्हणाला, "ग्लासच व्हता, त्यात काय एवढं?" हनुमंत लंगडत चालत होता आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. पायाला कळलं नाही.

तेव्हापासून तो गोळा पोटात होता. जखम भरली, गोळा राहिला. नारळाच्या जागी त्याला लेकरं दिसायची. प्रेसचा दांडा खाली यायचा आणि हा दचकायचा.

आणि जत्रेला चार दिवस उरले असताना त्याची मुलगी राणी तान्ह्या जान्हवीला घेऊन माहेरी आली. पोर सातव्या महिन्यातच जन्माला आलेली. कितीतरी दिवस पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आता घरी आणली होती, पण अंग अजून धरलं नव्हतं. मांजराच्या पिलाएवढी दिसायची. राणीने दवाखान्याच्या बाकावर बसूनच वाघजाईला बोललं होतं, की पोर हाताला लागली तर पहिल्या जत्रेत तुझ्या पायाखालनं काढीन. नवसाचं लेकरू ओळीत सगळ्यात पहिलं ठेवायचं, हाही रिवाज होता.

हनुमंताने दोन दिवस तोंड दाबून धरलं. तिसऱ्या दिवशी राणी ओट्यावर पोरीला तेल चोळत बसली होती. तेवढासा पाय तिच्या दोन बोटांत मावत होता. तो बघवेना, तसा हनुमंत बोलून गेला.

"राने, पोरीला यंदा नगं ठिवू."

राणीचा हात थांबला. तिने वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"का, आबा? काय दिसलं का तुमाला?"

आपण काय करून बसलो ते हनुमंताच्या आत्ता ध्यानात आलं. बाप म्हणून तो बोलला होता, पण जत्रेच्या आठवड्यात सोंगवाल्याच्या तोंडून आलेला शब्द बापाचा धरत नाहीत. देवीने लेकरू नाकारलं, असाच त्याचा अर्थ होतो. आणि देवीने ज्याला नाकारलं ते लेकरू जगत नाही, हे राणीने लहानपणापासून ऐकलेलं होतं.

"खरं सांगा, आबा," राणी रडकुंडीला येऊन म्हणाली. "देवी नगं म्हनतीया का माज्या पोरीला?"

"न्हाई गं, न्हाई," तो घाईघाईने म्हणाला. "वारं लई सुटतंय सांजचं, म्हनून म्हनलं. गुंडाळून ठिव म्हंजी झालं."

"मग पहिली मीच ठिवनार," राणी म्हणाली. तिने पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती बारीकशी रडायला लागली. पारू, हनुमंताची बायको, चुलीपासून हे सगळं ऐकत होती. तिने नवऱ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

त्याच संध्याकाळी तो गोमाकडे गेला. दुसऱ्या कुणाला सोंग द्यावं, असं सुचवून बघावं, हा विचार. गोमा दारात बसून गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत होता.

"गोमा, मला न्हाई वाटत यंदा देवी यील माज्यात."

"मला बी न्हाई वाटत म्या यंदा नीट पडीन," गोमा म्हणाला. "ह्यो गुडगा बग. पडल्याव उटाय येनार का न्हाई, ह्याची मला चिंता."

"चेष्टा नगं. पाय पडला कुनाच्या लेकराव तर?"

"गपय!" गोमाने पाला टाकला आणि चारी बाजूंना बघितलं. "आसलं तोंडातनं काडू नगंस. कुनी आईकलं तर जत्रा व्हनार न्हाई. आन तुज्याबिगर हाय कोन? पोरं समदी कंपन्यांत आन लवासाच्या कामाव. लुगडं दिलं तर पँटीवर नेसतील."

म्हणजे तिथूनही वाट नव्हती. हनुमंत घरी आला आणि पुन्हा न जेवता पडला.

जत्रेच्या दिवशी मनीष दुपारपासूनच आला होता. यंदा त्याच्याकडे दोन मोठे दिवे होते, आणि देवळाच्या पारावर त्याने एक टीव्हीही ठेवला होता, मागच्या लोकांना नीट दिसावं म्हणून. हनुमंत देवळामागच्या खोलीत तोंड रंगवून घ्यायला बसला होता, तर हा आत डोकावला.

"काका, एक छोटी रिक्वेस्ट. गेल्या वर्षीची ती पोज आहे ना, त्यासाठी मी जमिनीवर चुन्याची खूण केलीय. तिथेच थांबा, म्हणजे लाइट बरोबर चेहऱ्यावर पडेल. आणि जरा जास्त वेळ थांबा."

हनुमंताने मान हलवली. पिवडीचा वास नाकात येत होता. तो नाक भरून श्वास घेत राहिला, आत काहीतरी सरकेल म्हणून वाट बघत राहिला. काही सरकलं नाही. पिवडीला फक्त पिवडीचा वास येत होता.

संबळ सुरू झाला. तो पटांगणात उतरला तेव्हा डोंगरामागे अजून थोडा उजेड होता, पण मनीषच्या दिव्यांनी सगळं पांढरंफेक करून टाकलं होतं. एरवी मशालीच्या उजेडात गोमाचा दैत्य भयंकर दिसायचा. आज त्याच्या काळ्या रंगाखालून पांढरी मिशी दिसत होती आणि गुडघ्याचा पाला सुटून लोंबत होता. हनुमंत नाचला, गिरक्या घेतल्या, तलवार फिरवली. एकही पाऊल चुकलं नाही. चुन्याची खूण आली. तो थांबला. मान मागे, हात वर.

तेवढ्यात त्याला दिसलं की लोक त्याच्याकडे बघत नव्हते. अर्ध्याहून जास्त तोंडं पाराकडे, टीव्हीकडे वळली होती. टीव्हीतली देवी मोठी होती, उजळ होती, आणि गेल्या वर्षीसारखीच उभी होती. लोकांनी माना डोलावल्या. "व्हय, तशीच," कुणीतरी समाधानाने म्हणालं. पण हात कुणाचे जोडले गेले नाहीत. एक पोरगं जांभई देत होतं. हनुमंताला वाटलं, आपण इथून चालत घरी गेलो तरी टीव्हीतली देवी तशीच उभी राहील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

गोमा पडला. सांभाळून, गुडघा वाचवत, एका कुशीवर पडला. पोरं हसली.

मग आया पुढे झाल्या. घोंगड्या अंथरल्या गेल्या. टीव्हीकडची तोंडं पुन्हा पटांगणाकडे वळली, कारण आता ज्याची त्याची लेकरं जमिनीवर होती. सगळ्यात पुढे राणी. तिने जान्हवीला जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलं, दोनदा नीट केलं, आणि मागे सरताना बापाच्या रंगवलेल्या तोंडाकडे बघितलं. तिच्या नजरेत काडीचाही संशय नव्हता. हनुमंताला तेच सगळ्यात जड गेलं.

संबळ चढला. हनुमंताने समईवर नजर लावली आणि पाऊल टाकलं. मनीषचे दिवे नेमके समोरून येत होते. समई दिसेना. डोळ्यांपुढे नुसता पांढरा गोळा, आणि त्याच्याखाली सगळा अंधार. पोर कुठे आहे? चार पावलांवर? का दोनच? संबळवाला घाई करत होता, पुढे ये म्हणून बोलावत होता. हनुमंताने चुलत्याचं बोलणं आठवलं, पायांना विनवलं, आईच्यान सांग म्हणाला, कुठं हाय? पायांना काहीच माहीत नव्हतं. ते प्रेसवर दिवसभर उभे राहून सुजलेले, बावरलेले दोन पाय होते. उजव्या तळव्यात तो जुना काप ठणकू लागला.

खाली बघावं तर नियम मोडतो आणि राणीला वाटेल की देवी अंगात आलीच नाही. न बघावं तर. त्यापुढचा विचार त्याला करवेना. त्याचं पुढचं पाऊल हवेतच राहिलं. अंग घामाने निथळलं आणि पाय असे लटपटायला लागले की घुंगरं आपोआप वाजू लागली. उभं राहणंच अशक्य झालं. हातातली तलवार गळून बाजूला पडली.

आणि हनुमंत खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा कोसळला, पण हातांवर. दोन्ही तळवे जमिनीला टेकले तेव्हा त्याच्या जिवात किंचित जीव आला. निदान हातांना तरी कळत होतं. तो एक हात पुढे घालून चाचपू लागला. खडे, माती, पुन्हा खडे, मग घोंगडीची खरखरीत कड. मग मऊ दुपट्याचं टोक. त्याने हात झटकन मागे घेतला, आणि मग हळूच एक हात पोरीच्या या अंगाला टेकला, दुसरा त्या अंगाला. मान वरच होती, डोळे दिव्यांनी आंधळे झालेले. तो गुडघा उचलायचा, जमिनीलगत न्यायचा, चाचपायचा, टेकायचा. पाठ वाकलेली, खांदे एकाआड एक वर येणारे. श्वास घशातून घरघरत येत होता, भीतीने. पोर त्याच्या पोटाखाली होती. तिच्या अंगाची ऊब त्याला लुगड्यातून लागत होती.

संबळ बंद पडला होता. पटांगणात त्याच्या घशाची घरघर आणि घुंगरांची बारीक थरथर, याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग संबळ पुन्हा सुरू झाला, पण ठेका बदलून, अगदी हळू. हनुमंताचा हात टेकेल तेव्हाच तिथे थाप पडत होती. एका म्हातारीच्या तोंडून आरोळी फुटली, "वाघीन! आगं माजी आई, वाघीन आली गं!" आणि आख्खं पटांगण उठून उभं राहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "दिवं बंद करा ते!" दिवे बंद झाले. मशाली राहिल्या.

हनुमंताला यातलं फार काही कळलं नाही. दुसरं लेकरू, तिसरं लेकरू. एक रडत होतं. एकाने त्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ मुठीत धरली, ती सोडवून घेईपर्यंत तो तसाच थांबला आणि सगळं गाव त्याच्याबरोबर थांबलं. आपण कसे दिसतोय याची त्याला आठवणही झाली नाही. प्रत्येक लेकरू निराळ्या जागी होतं, निराळं हलत होतं, आणि हात टाकायच्या आधी प्रत्येकाची नव्याने भीती वाटत होती. देवळाची पायरी हाताला लागली तेव्हा त्याने कपाळ त्या दगडावर टेकलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

पुढचा तासभर नुसता गलका होता. त्याला उचलून मागच्या खोलीत नेलं, पाणी पाजलं. लोक येऊन पाया पडत होते आणि तो पाय आखडून घेत होता. राणी पोरीला घेऊन आली. जान्हवीच्या कपाळावर शेंदराचा एक ओघळ सुकला होता. ओलांडताना हनुमंताच्या तोंडावरून घामाबरोबर टपकलेला.

"पुसनार न्हाई म्या," राणी म्हणाली. ती हसत होती आणि डोळे गळत होते. "आपसूक जाईल तवा जाईल."

गोमा आला तो लंगडतच. काळा रंग अर्धा पुसलेला.

"लेका, म्या पडल्याला व्हतो," तो म्हणाला. "मेल्याला दैत्य. हलायचं न्हाई मला. पर उटून बसलो आन हात जोडले. कुनी बगितलं न्हाई म्हना." त्याने गुडघा चोळला. "ते खाली बसायचं कवा ठरवलंस?"

"ठरवलं न्हाई. भ्यालो, गोमा. लई भ्यालो."

गोमाने त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

मनीष सगळ्यात शेवटी आला. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. "काका, तुम्ही एकदम खाली गेलात आणि पुढच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मला नुसत्या पाठी मिळाल्यात. मग लाइटही घालवायला लावले. आत्ता परत एकदा कराल का? रंग आहे अजून तोंडावर. दोनच मिनिटं."

"काय करू?"

"ते हो, असं." आणि मनीष जीन पँटसकट खोलीतल्या फरशीवर चौपायी उतरला, एक हात पुढे, मान वर. त्याने ते अगदी हुबेहूब केलं. हनुमंत बघत राहिला. त्याला दिवाळीची हिरवळ आठवली.

"न्हाई जमायचं मला," तो म्हणाला आणि पाण्याने तोंड खसाखसा धुवायला लागला.

पण एवढ्यावर सुटका कुठली? घरी निघाला तर वाटेत साळूबाई काठी टेकत आडवी आली, म्हातारी, गावातली सगळ्यात मोठी भाविक. तिने त्याच्या तोंडावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "पुढल्या साली बी आईला तशीच येऊ दे रं बाबा. तशीच, चौपायी." तिच्या मागच्या बायांनीही माना डोलावल्या. हनुमंताच्या पोटातला गोळा गेला नव्हता, पुढच्या साली यायचं आवतण घेऊन दारात उभा होता.

घरी पारूने त्याच्या हातांवर पाणी ओतलं. तळवे सोलून निघाले होते, खडे रुतून बसले होते. ती एकेक खडा सुईने काढत होती आणि तो दात आवळून बसला होता.

"पारू, पुढल्या साली म्या काय करू?"

"काय म्हंजी?"

"त्यांना तसंच पायजे. चौपायी. आन मला तर कळलं बी न्हाई काय झालं त्ये. म्या निस्ता भ्यालो व्हतो."

पारूने खडा काढला, दिव्यासमोर धरून बघितला आणि टाकून दिला.

"मग पुढल्या साली बी भ्या," ती म्हणाली. "पर तितं गेल्याव भ्या. हितं वरीसभर आरशाम्होरं नगं."

हनुमंताने चमकून तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिला आरशाचं ठाऊक होतं, अगदी पहिल्यापासून. ती मात्र दुसऱ्या तळव्याकडे वळली होती. हात पुसून झाल्यावर तिने ताट वाढलं, आणि त्याने ते पुढ्यात ओढून घेतलं. सोललेल्या बोटांना रस्सा झोंबत होता, तरी दुसरी भाकरी त्याने आपणहून मागितली.